पट्टा पडेपर्यंत

दसरा झाला की नेकनूरच्या आठवडी बाजारातली खरेदी बदलते. एरवी आठवड्याचा भाजीपाला, शेळ्या-कोंबड्या आणि बैलांचे सौदे यांसाठी पंचक्रोशी इथं येते. दसऱ्यानंतर तीच माणसं सहा महिन्यांचा प्रपंच विकत घ्यायला लागतात. ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, सुतळी, पाण्याचं टिपाड, बॅटरी, तिखट-मीठ, कोयत्याला धार लावायची कानस, लेकरासाठी एखादा स्वेटर. बैलगाडी घेऊन जाणारा गडी बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घेतो. एखादी बाई दिवाळीचं तेल-साखर आधीच नेते, कारण दिवाळीला ती घरी असेलच याची खात्री नसते.

मांजरसुंब्याहून केजकडं निघालं की बालाघाटाच्या पठारावर हे गाव लागतं. बीड तालुक्यातलं मोठं गाव. पोलीस ठाणं, सरकारी रुग्णालय, शाळा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं. मात्र भोवतालच्या वाड्या-वस्त्या आणि तांडे पावसाच्या भरवशावर जगतात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. सोयाबीन-कापसाचे चार पैसे हाती आले न आले, की पुढचं अर्धं वर्ष घरी बसून निघत नाही. मग नवरा-बायको ऊसतोडीसाठी कोयता उचलतात. पश्चिम महाराष्ट्रात १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग बाकीचे आले. त्यांच्या उसाला तोडणारे हात लागत होते आणि बालाघाटात हातांना काम नव्हतं. १९७२ च्या दुष्काळानं उरलीसुरली आडकाठी मोडली. आज राज्यात ऊसतोड करणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर सांगितली जाते आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा बीड जिल्ह्याचा असतो. हे लोक सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरला जातात, तसेच कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटकडंही.

या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, ती देऊन टोळी नेणारा मुकादम, मजुरीचे दर, संप आणि वाटाघाटी यांच्या बातम्या दर हंगामात येतात. या लेखात मला त्यातल्या एकाच गोष्टीकडं बघायचं आहे. मुकादमाच्या वहीत तिची नोंद होत नाही आणि कारखान्याच्या काट्यावर तिचं वजन होत नाही. कामासाठी घर सोडलेल्या माणसाला येणारं एकटेपण, ही ती गोष्ट. ते एकटेपण सोसायला या माणसांनी काय काय शोधून काढलं, तेही त्यासोबत बघायचं आहे.

कामानिमित्त फिरणाऱ्याचं एकटेपण म्हटलं की आपल्याला लॉजवर उतरलेला औषध कंपनीचा प्रतिनिधी आठवतो, बंगळुरूच्या खोलीत एकटा जेवणारा इंजिनिअर आठवतो. ऊसतोड कामगार यात कुणी धरत नाही. तो तर जथ्यानं जातो. बायको सोबत, तान्हं लेकरू सोबत, बैल सोबत, टोळीत दहा-वीस कोयते. त्याला एकटं कसं म्हणायचं? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत होता. त्याचं उत्तर फडातला एक दिवस नीट पाहिला की सापडतं.

दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई उठून चूल पेटवते, भाकरी थापते, कालवण करते, पाणी आणते. उजाडायच्या आत दोघं फडात. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, वाढे बाजूला करते, मोळ्या बांधते. दुपारी त्याच सरीत बसून भाकर खायची, पुन्हा उठायचं. संध्याकाळी गाडी भरायची. डोकी सेंटरवर काम असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बैलगाडीवाला असेल तर रात्री कारखान्याच्या गव्हाणीबाहेर नंबर लागेपर्यंत थांबायचं. नंबर कधी मध्यरात्री लागतो, कधी पहाटे. तोवर बायको कोपीत एकटी. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद यांची, वाकून आत शिरावं लागेल एवढी झोपडी. तिला दार नसतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं उसात बिबट्या असतो आणि त्यानं कोपीतलं लेकरू उचलून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्या बाईची रात्र कशी जात असेल?

अशा रात्री सोडल्या तर चोवीस तासांत माणूस माणसांपासून क्षणभरही लांब नसतो. तरी निवांत बोलायला एक घटका मिळत नाही. नवरा-बायको शेजारी शेजारी बारा तास राबतात आणि त्यांच्यात होणारं बोलणं मोळीचं, गाडीचं, लेकराच्या तापाचं. शेजारची कोपी आपल्याच गावची असली तरी तिथंही माणसं दमून पडलेली. ज्या शेतकऱ्याच्या फडात काम चाललंय त्याच्याशी ओळख होईपर्यंत फड संपतो आणि टोळी पुढच्या शिवारात जाते. तिथं पुन्हा नवं पाणी, नवी वाट, नवं दुकान, नवा संशय. होय, संशय. टोळी उतरली की गावातल्या काहींना आपल्या विहिरीची, बांधावरच्या लाकडांची काळजी वाटायला लागते. ज्या गावाचे पैसे उसावर ठरतात, त्या गावात ऊस तोडणाऱ्याला नावानं हाक मारणारा कुणी नसतो. त्याला 'कोयता' म्हणतात. दोघं मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा कोयता. इतकी माणसं भोवती असूनही जो एकटेपणा येतो, त्याचं मूळ मला इथं दिसतं. आपण कोण आहोत हे माहीत असलेलं माणूस जवळपास नसणं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे की जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणाचा त्रास होतो, आणि त्याचा परिणाम हृदयापासून मेंदूपर्यंत शरीरावर होतो. चांगला अहवाल आहे. मात्र एकटेपणाची चर्चा आपल्याकडं म्हातारपण, मोबाइल, शहर, फ्लॅट या चार शब्दांभोवतीच फिरते. उसाच्या फडापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

सगळ्यात जास्त एकटी असते ती पहिल्या वर्षाची सून. टोळीत पूर्ण कोयता भरला तर उचल जास्त मिळते, म्हणून मुलीचं लग्न कमी वयात लावण्याची ओढ या भागात आजही आहे. हंगामाच्या तोंडावर किंवा थेट कारखान्यावरच उरकून टाकलेल्या लग्नाला लोक 'गेटकेन' म्हणतात. काल शाळेत जाणारी मुलगी पंधरा दिवसांनी परक्या जिल्ह्यातल्या शिवारात, नीट ओळख नसलेल्या नवऱ्यासोबत उसाच्या सरीत उभी असते. तिला पाळी येते, न्हायला आडोसा नसतो, पोटात दुखतं, सांगायला माय नाही. सासू तिच्यासारखीच राबून आलेली. मुकादमाला सुट्टी मागितली तर खाडा पडतो, आणि एका खाड्याचे पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त कापले जातात. बाईचं दुखणं असं मुकं होत जातं.

२०१९ मध्ये या मुक्या दुखण्याची देशभर बातमी झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. या आकड्यांवर तेव्हा खूप बोललं गेलं. डॉक्टरांचा लोभ, खाड्याची भीती, कर्करोगाची घातलेली धास्ती, ही सगळी कारणं खरी आहेत. मला त्यात आणखी एक दिसतं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, ही गोष्ट पहिल्यांदा जिला सांगायची, अशी आई, बहीण, मैत्रीण, आशाताई अर्धं वर्ष त्या बाईच्या आसपास नव्हती. गावात असती तर कुणीतरी म्हटलं असतं, थांब, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. दुसरा सल्ला मिळायला दुसरं माणूस लागतं.

आता उलट बाजूनं बघू. गाड्या सुटल्यावर मागं राहिलेल्या गावात काय होतं?

कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. दूरदूरहून दिंड्या चालत येतात. त्या सुमाराला भोवतालच्या वाड्यांमध्ये घरांना कुलपं लागलेली दिसतात. एका ओळीत चार-पाच कुलपं, मग एक उघडं दार, दारात म्हातारी. तिच्या ओट्याशी दोन-तीन नातवंडं. सून-लेक गेलेले, त्यांची शाळेत जाणारी लेकरं तिच्या गळ्यात. तिला स्वतःला दिसत नाही, गुडघे धरलेत, तरी सकाळी डबा, संध्याकाळी अभ्यास, रात्री कुशी हे सगळं तिच्याकडं. गावात धडधाकट माणूस नसल्यानं रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर जीप मिळेपर्यंत जीव टांगणीला. मयत झाली तर खांदा द्यायला शेजारच्या वस्तीतून माणसं बोलवावी लागतात.

लेकरांचं एकटेपण वेगळंच. धाकटं लेकरू सोबत नेतात, थोरलं मागं ठेवतात. म्हणजे थोरल्याला आईबापही नसतात आणि पाठचं भावंडही नसतं. जिल्ह्यात त्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात. नाव वसतिगृहाचं असलं तरी पुष्कळ ठिकाणी मूल रात्री आजीकडंच झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या देखरेखीत मिळतं. या योजनेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, हजेरी आणि पैशांबद्दलच्या तक्रारीही होत आल्या आहेत. तरी मी तिच्या बाजूनं बोलेन. मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या आजीजवळ राहतं, ही तिच्यातली मोलाची गोष्ट आहे. संध्याकाळच्या पंगतीत शेजारी बसलेल्या दहा पोरांचे आईबापही फडावरच असतात, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी दोन दशकांहून जास्त काळ 'शांतिवन' चालवलं आहे. ऊसतोड कामगारांची आणि निराधार मुलं तिथं राहून शिकतात. सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं उभारायचं ठरवलं. त्यांतली काही भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. ती सगळी पूर्ण व्हावीत आणि मुलींची आधी व्हावीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकणं तितकं सोपं नसतं.

हे सगळं सोसायला माणसांनी काय साधनं काढली? पहिलं अर्थात फोन. आज कोपीत मोबाइल असतोच. कोपीवर वीज नसते, म्हणून बरेच जण छोटं सोलर पॅनेल सोबत आणतात; नसेल तर गावातल्या दुकानात किंवा शेतकऱ्याच्या गोठ्यात फोन चार्जिंगला लावून येतात. पूर्वी खुशाली कळायची ती येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्याकडून किंवा मुकादमाकडून, तीही पंधरा दिवसांनी. आता रात्री आठ-नऊला व्हिडिओ कॉल लागतो. इकडं नेकनूरच्या बाजूच्या वस्तीवर म्हातारी फोन लांब धरून बघते, नातू मध्ये तोंड घालतो. "जेवलास का रं?" "हां. तू जेवलीस का माय?" "बैल बरे हायेत का?" "हायेत." पुढं काही नसतं. रोज तेच बोलणं. माझ्या मते या चार वाक्यांवर अनेक घरं सहा महिने उभी राहतात. त्यात बातमी नसते, पण कुणीतरी आपल्या जेवणाची चौकशी केलेली असते.

फोनची दुसरी बाजूही आहे. लेकरू आजारी आहे हे आता त्याच रात्री कळतं, आणि कळूनही निघता येत नाही. उचल घेतलेली, ती फिटल्याशिवाय टोळी सोडता येत नाही. पूर्वी न कळल्यानं वाचणारी तळमळ आता रात्रभर सोबत राहते. काही आया म्हणूनच व्हिडिओ कॉल टाळतात आणि नुसता आवाज ऐकतात. तोंड दिसलं की लेकरू रडतं, आणि सकाळी चारला उठायचं असतं.

दुसरं साधन जुनं आहे आणि त्याचा धागा थेट नेकनूरला पोचतो. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या पहिल्या फळीतले एक होते नेकनूरचे बंकटस्वामी. कीर्तन-प्रवचन शिकवून खेड्यापाड्यांत पाठवायची माणसं तयार करणं हे त्या संस्थेचं काम. बंकटस्वामींच्या हाताखाली आळंदीत शिकलेले भगवानबाबा पुढं बालाघाटातल्या कष्टकऱ्यांचे गुरू झाले. त्यांनी वाड्या-वस्त्यांवर नारळी सप्ताह बसवले, लोकांना माळ घातली, लेकरं शिकवायला सांगितलं. त्यांच्या भगवानगडाला मानणारी हजारो कुटुंबं आज ऊसतोडीला जातात. म्हणून टोळीच्या सामानात टाळ असतात. एखाद्या कोपीत पखवाज असतो, नसला तर पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला जातो. एकादशीच्या रात्री, दुसऱ्या दिवशी कितीही काम असलं तरी, घटकाभर भजन होतं. त्यात शेजारच्या टोळीतले येतात, कधी शेतकरीही येऊन बसतो. मग ओळख निघते. तुम्ही कुठले? नेकनूरकडचे. म्हणजे बंकटस्वामींचे! त्या एका वाक्यानं माणूस 'कोयता' राहत नाही, त्याला गाव मिळतं.

भजनाचा मी भावुकपणे गौरव करत नाही. ते करताना माणूस आपलं दुःख सांगत नाही, त्याला त्याची गरजही पडत नाही. सगळे मिळून एकच ओळ म्हणतात, आवाजात आवाज मिसळतो, आणि दिवसभर मोळीच्या हिशेबात अडकलेलं डोकं मोकळं होतं. ज्याला बोलून दाखवायची सवय नाही, अशा पुरुषासाठी ही फार मोठी सोय आहे. बायकांची सोय वेगळी. त्यांचं बोलणं पाण्यावर, न्हाणीच्या आडोशाला, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढताना होतं. पहाटे चुलीशी एकटीच जागी असलेली बाई ओव्या गुणगुणते. संक्रांतीला वाणाचं सामान नसलं तरी कोप्याकोप्यांत हळदी-कुंकू लागतं. जमिनीवर खडूनं रेघा ओढून पोरी जिबल्या खेळतात. गावाकडची कोंबडी खुराड्यात घालून आणलेली असते, कुत्रं गाडीमागं चालत आलेलं असतं. बैल तर घरचेच. कित्येक गडी दिवसभराचं मनातलं बैलाशी बोलतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

तिसरं साधन टोळीच्या बांधणीत आहे. जाणत्या माणसाला माहीत असतं की टोळी भरताना कुणाच्या शेजारी कुणाची कोपी पडणार यावर सहा महिने अवलंबून असतात. म्हणून बहिणी-बहिणी, दीर-भावजया, मेव्हणे एका टोळीत जायला धडपडतात. जिथं मुकादम हे जुळवू देतो तिथं भांडणं कमी होतात, दारू कमी होते, बाळंतपण आलं तर हात मिळतो. जिथं केवळ आकडा भरण्यासाठी वेगवेगळ्या गावांचे कोयते एकत्र कोंबले जातात, तिथं रात्री दारूची बाटली हीच सोबत होते. एकटेपणावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग उपाय तोच. त्याची किंमत बायको अंगावर सोसते आणि दारूची रक्कम उचलीत जमा होते.

घर सोडून कामाला जाणारी मराठी माणसं याआधीही होती. मुंबईत गिरणीत आलेला कोकणी माणूस एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर पाळीपाळीनं झोपायचा. त्याच्यासाठी खानावळी होत्या, गावकीच्या खोल्या होत्या, भजनी मंडळं होती, चाळीचा गणपती होता. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून बांधली. गोव्यातून जहाजावर जाणाऱ्या खलाशांनी धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या नावानं 'कुड' काढले. जहाज मिळेपर्यंत तिथं कमी पैशात राहायचं, गावच्या देवापुढं संध्याकाळची प्रार्थना करायची. या लोकांनी परक्या शहरात गावाचा एक तुकडा उभा केला, कारण ते एका जागी राहत होते. ऊसतोडीवाल्याला जागाच नाही. फड संपला की कोपी मोडायची. उभं करावं तर कुठं करावं, हा त्याचा प्रश्न आहे. म्हणून त्याच्यासाठी कारखान्यानं आणि सरकारनं काहीतरी उभं करणं भाग आहे.

आणि ते जगात होतंय. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. त्यात २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या लागू झाल्या. जहाजावरच्या माणसाला घरच्यांशी बोलता यावं म्हणून जहाजमालकानं शक्य तिथं इंटरनेट द्यावं, असं आता तो करार सांगतो. घराशी बोलणं ही मेहेरबानी नसून कामाच्या अटींतली गोष्ट आहे, हे तिथं मान्य झालं. आपल्याकडं १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्यात विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचा प्रवासखर्च होता. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. नेकनूरहून तीनशे किलोमीटरपेक्षा लांब कोल्हापूरला जाणारा माणूस त्यात बसत नव्हता, कारण तो महाराष्ट्रातच राहिला होता. हद्द ओलांडून कर्नाटकात गेलेल्यांनाही त्याचा लाभ क्वचितच पोचला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आसपास अडकून पडले. जिल्ह्यांच्या हद्दी बंद, गाड्या बंद, काम बंद. गावोगावी भीती अशी की बाहेरचा कुणी जवळ नको. कोपीतला माणूस ज्या शिवारात होता तिथं परका होता आणि आपल्या गावातही परत यायला नको झालेला होता. १७ एप्रिलला सरकारनं तपासणी करून त्यांना घरी पाठवायला परवानगी दिली. परतल्यावर काहींना गावाबाहेर शाळेत किंवा शेतात थांबावं लागलं. आई वेशीच्या अलीकडं, लेकरू पलीकडं, आणि मधे पंधरा दिवस. स्थलांतरित माणूस आपल्या हिशेबात कुठं बसतो, हे त्या दिवसांत उघडं पडलं. पुढं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला गती आली. गाळप केलेल्या उसावर टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, असं ठरलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढ लढून मिळाली आहे आणि ती हवीच होती.

पण पैशाच्या बोलणीत ज्या गोष्टी येत नाहीत, त्याही मागायला हव्यात असं मला ठामपणं वाटतं. हंगामात महिन्याला एक पगारी सुट्टी, जिला खाडा म्हणायचं नाही. घरात मयत किंवा बाळंतपण असेल तर परतीच्या भाड्यासह चार दिवसांची मोकळीक. तळावर पाणी, दिवा आणि बायकांसाठी आडोसा, ही कारखान्याची जबाबदारी. आठवड्याला एकदा तळावर येणारी नर्स, शक्य तर बीड जिल्ह्यातलीच, जिच्याशी बाई आपल्या बोलीत बोलू शकेल. टोळी भरताना नात्यातल्या कोयत्यांना एकत्र ठेवण्याचा हक्क. यातल्या कुठल्याही गोष्टीला साखर महाग होण्याएवढा खर्च येत नाही. महामंडळाच्या पैशातून यातलं बरंच होऊ शकतं. एकटेपणावर समुपदेशनाची शिबिरं घेण्याच्या कल्पनाही आता निघतात. त्यांना माझा विरोध नाही. पण पहाटे तीनला उठून रात्री अकराला गाडी भरणाऱ्या माणसाला मन मोकळं करायला आधी झोप लागते आणि मोकळा दिवस लागतो.

मार्च-एप्रिलमध्ये एकेक कारखान्याचा पट्टा पडतो. गळीत संपलं याला सगळीकडं हाच शब्द आहे, आणि या भागात तो सणाच्या नावासारखा उच्चारला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून कोप्यांचं सामान, बैलगाड्या, लेकरं, कोंबड्या परत येतात. घरांची कुलपं निघतात. गेल्या हंगामात तान्हं असलेलं लेकरू आता चालतं आणि त्याला आजी ओळखू येत नाही; दोन दिवस लागतात. गावाकडं राहिलेलं थोरलं पहिल्या रात्री आईजवळ झोपायला लाजतं. हिशेब होतो. उचल फिटली असेल तर घराच्या भिंतीला चार विटा लागतात, नसेल तर पुढच्या हंगामाचा शब्द तिथंच दिला जातो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा बालाघाटातल्या टोळ्या निघालेल्या असतील किंवा निघायच्या बेतात असतील. तुमच्यापैकी ज्यांचा ऊस आहे, त्यांच्या शिवारात या हिवाळ्यात एखादी टोळी उतरेल. त्यांना पाण्याची वाट दाखवा. गोठ्यातल्या बोर्डावर दोन फोन चार्जिंगला लावू द्या. नाव विचारा, गाव विचारा, आणि पुढच्या वेळी नावानं हाक मारा. लक्ष्मीपूजनाला तुमच्या फडात कोपी असेल तर फराळाची ताटं तिथं घेऊन जा आणि घटकाभर बसा. पोराला गावच्या शाळेत बसू देता येतं का, मास्तरांना विचारा. आणि टोळीतल्या कुणाच्या घरी मयत झाल्याचा फोन आला, तर तुम्ही मध्ये पडा, मुकादमाशी बोला, आणि त्या माणसाला बीडच्या एसटीत बसवून द्या.